चिमटा लावलेलं पाकीट

प्रेमिलाबाईंच्या स्वयंपाकघरात पाकीट नावाची वस्तू फार काळ जगत नसे. बाजारातून आलं की फोडायचं, डब्यात ओतायचं, डब्याला एकदा खालून थाप मारून माल बसवायचा आणि झाकण लावायचं. पाकीट कचऱ्यात. तूरडाळ असो, चहापत्ती असो की पाहुण्यांनी आणलेली बिस्किटं, सगळ्यांची गत तीच. जुनं थोडं उरलेलं असेल तर ते आधी काढून नव्याच्या वर घालायचं, म्हणजे आधी संपतं. फळीवर स्टीलचे डबे उंचीप्रमाणे ओळीनं उभे असत, आणि कोणत्या डब्यात काय आहे हे त्यांना अंधारातही सांगता आलं असतं.

अशा या घरात एक पाकीट मात्र फोडलेलं, वरून दुमडलेलं, कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावलेलं, ओट्याच्या कोपऱ्यात कायम उभं असायचं. ते तिथं उभं आहे हे प्रेमिलाबाईंना रोज सकाळी नव्यानं खटकायचं.

ते रोशनीच्या कॉर्नफ्लेक्सचं पाकीट. रोशनी म्हणजे त्यांची नात, यंदा पहिलीत गेलेली. तिला शेंगदाणा चालत नाही असं घरातले म्हणत, पण हा शब्द जरा जास्तच सभ्य होता. ती लहान असताना एका लग्नात कुणीतरी कौतुकानं तिच्या हातावर चिक्कीचा तुकडा ठेवला होता. पंगत उठायच्या आत पोरगी ओठ सुजून, श्वासासाठी तडफडत दवाखान्यात पोचली होती. डॉक्टरांनी शेंगदाण्याची ॲलर्जी सांगितली, आणि कणभरही पोटात जाता कामा नये म्हणून बजावलं.

प्रेमिलाबाईंना हे पचायला जड गेलं. त्यांची सगळी नोकरी अंगणवाडीत झालेली. हाडं मोजून घ्यावीत अशा पोरांना शेंगदाणा-गुळाचे लाडू चारून चारून त्यांनी उभं केलं होतं. त्यातली काही पोरं आता मिशा फुटून, लग्नं होऊन, रस्त्यात भेटली की वाकून ‘जयभीम बाई’ करत. ज्या दाण्यानं एवढी पोरं जगवली त्यानं आपल्याच नातीचा जीव जाऊ शकतो, हे त्यांना दाण्यानं केलेल्या फितुरीसारखं वाटलं. पण लग्नातला तो निळसर पडलेला चेहरा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. घरातून शेंगदाण्याचं तेल गेलं, चटणी गेली, कूट गेलं. कूट नसलेली साबुदाण्याची उसळ त्या निमूट खाऊ लागल्या, आणि त्यांच्या स्वभावाचा विचार करता हे काही थोडं नव्हतं.

पाकिटाचा नियम सुनेचा, दीक्षाचा. रोशनीचा नाश्ता पाकिटातून थेट वाटीत. मध्ये डबा नाही, बरणी नाही. शिवाय नवं पाकीट आलं की दीक्षा खिडकीशी उभी राहून मागचा सगळा मजकूर वाचायची, त्याच कंपनीचं, तेच चित्र असलं तरी.

“मागच्या पाकिटाचं वाचलं होतं ना वं,” प्रेमिलाबाई म्हणत. “तेच तर लिहून राहते त्याच्यावर.”

“कंपनीवाले बदलवून टाकतात, आई. आज त्या मशीनवर नुसते हे बनवतात, उद्या शेंगदाणेवाले बनवले तर? मग खाली बारीक अक्षरात लिहितात, अंश असू शकतात म्हणून. डब्यात ओतलं की ते वाचाले कुठं भेटते?”

मग प्रेमिलाबाई डबे पुसायला घेत.

रोशनीचं निदान झाल्यावर दीक्षानं नोकरी सोडली होती. आता प्रताप नगरातल्या तिच्या जुन्या पॅथॉलॉजी लॅबनं तिला परत बोलावलं. ड्युटी सकाळची. तिचा नवरा नागसेन बुटीबोरीला कारखान्यात, तोही उजाडताच घराबाहेर. म्हणजे रोशनीचा नाश्ता आजीच्या हाती. दीक्षाला जायचं होतं आणि जायची भीतीही वाटत होती. प्रेमिलाबाईंना तिनं जायला हवं होतं, कारण सून घरी बसली ती आपल्यावर भरवसा नाही म्हणून, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ते अगदीच खोटंही नव्हतं.

दीक्षानं त्यांची शिकवणीच घेतली. पेनासारखं एक इंजेक्शन नागसेननं खटपट करून बाहेरून मागवलं होतं. ते फ्रिजशेजारच्या खिळ्याला पिशवीत लटकवलेलं असे. कधी द्यायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं दाबून धरायचं, मग वाट न पाहता दवाखाना कसा गाठायचा, सगळं तिनं सरावाचं रिकामं पेन देऊन उशीवर करून घेतलं.

“माह्यी परीक्षा घेऊन राहिली का वं तू?” असं म्हणत प्रेमिलाबाईंनी उशी नीट पालथी घातली आणि पेन दाबलं. पास झाल्या.

आता वरच्या मजल्यावरच्या गोपिकाबद्दल सांगायला हवं. गोपिका रामटेककडची, घरची धानाची शेती, नवऱ्याच्या नोकरीपायी इथं बेशाला राहायला आलेली. मुलगा आयुष रोशनीएवढाच. खालून वर आणि वरून खाली डब्यांची ये-जा सतत चालू असे, आणि गोपिकाच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे एक गोष्ट पक्की होती, दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. प्रेमिलाबाईंच्या माहेरीही तेच. पहिल्यांदा तिनं डबा परत केला तो शेंगदाण्याची चटणी भरून. दीक्षानं तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती ओंजळीत तोंड लपवून रडली. तेव्हापासून डब्यातून नवे तांदूळ येत, टमाटे येत, काही नसलं तर मूठभर साखर. बाई सावध होती. बेफिकीर म्हणून तिच्याकडे बोट दाखवता आलं नसतं.

पौर्णिमेला प्रेमिलाबाईंनी खीर केली, डबाभर वर पाठवली. दोन-चार दिवसांनी गोपिका डबा घेऊन आली. दीक्षा तेव्हा लॅबमध्ये कागदपत्रं द्यायला गेली होती.

“काकू, आज खास रोशनीसाठी आणलं जी,” ती म्हणाली. झाकण उघडलं तर आत कॉर्नफ्लेक्स. “तुमच्याच कंपनीचे हायेत. ती खाते तेच.”

“अवं, कायले एवढं?” प्रेमिलाबाई म्हणाल्या, आणि लगेच, कारण शिकवणी ताजी होती, “शेंगदाणा तर नाही ना वं याच्यात?”

“एक बी नाही जी काकू. मले माहीत नाही का?”

गोपिका गेली. प्रेमिलाबाई डबा हातात धरून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. परत करावेत तर तिचा जीव दुखेल, आणि चटणीच्या वेळेस तो पुरेसा दुखला होता. टाकून द्यावेत तर अन्न. डब्यातच ठेवावेत तर दीक्षाचा नियम आडवा येतो. मग त्यांना सुचलं. त्यांनी निळा चिमटा काढला, पाकिटाचं तोंड उघडलं आणि डब्यातले कॉर्नफ्लेक्स आत ओतले. रंग तोच, आकार तोच. पाकिटाला खालून एक थाप मारून माल बसवला आणि चिमटा लावला. रोशनी पाकिटातलेच खाणार, म्हणजे नियमालाही धक्का नाही आणि माणुसकीलाही नाही. दीक्षाला सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंय असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दीक्षा कामावर गेली. दारातून दोनदा परत आली, एकदा मोबाइलसाठी आणि एकदा उगाच. ती गेल्यावर प्रेमिलाबाईंनी रोशनीला टेबलाशी बसवलं, चिमटा काढला, वाटीत कॉर्नफ्लेक्स घातले, दूध ओतलं. रोशनीचा समोरचा दात हलत होता. त्याच्याविषयी बोलत बोलत ती खात होती. बोलता बोलता थांबली आणि ओठ चोळायला लागली.

“आजी, जिभेले मुंग्या येऊन राहिल्या.”

प्रेमिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. गळ्यावर लाल गांधी उठत होत्या. मग खोकला आला, आणि खोकल्याच्या मागून शिट्टीसारखा आवाज. त्यांनी खिळ्यावरची पिशवी ओढली, नातीला जमिनीवर आडवं केलं, सलवारीवरूनच पेन मांडीला दाबून धरलं. दार उघडून त्यांनी “गोपिका!” अशी हाक मारली की चारही मजल्यांची दारं उघडली. कुणीतरी फाटकातला ऑटो थांबवला. गोपिका एका बाजूला, प्रेमिलाबाई दुसऱ्या बाजूला आणि दोघींच्या मांडीवर आडवी रोशनी, अशा त्या चौकातल्या मुलांच्या हॉस्पिटलात पोचल्या.

तिथं अजून एक इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं. हळूहळू शिट्टी थांबली. रोशनीनं डोळे उघडून दाताला जीभ लावून पाहिली. दात जागेवरच होता.

“पहिलं इंजेक्शन वेळेवर दिलं म्हणून बरं झालं,” डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात दीक्षा लॅबच्या पांढऱ्या कोटातच धावत आली, मुलीला पाहिलं, आणि प्रेमिलाबाईंच्या गळ्यात पडली. “आई, तुमच्यामुळं वाचली ती.” प्रेमिलाबाईंना बरं वाटलं. इतक्या दिवसांनी सुनेनं आपल्यावर भार टाकला, याचा सरळ सरळ आनंद झाला. पुढं कितीतरी दिवस त्यांना स्वतःचा राग येत राहिला तो या आनंदाचा.

गोपिका बाहेर बाकावर बसली होती. प्रेमिलाबाई पाणी घ्यायला गेल्या तेव्हा तिनं त्यांचा पदर धरला.

“काकू, मी देल्लेले तर नव्हते खाल्ले ना जी तिनं?”

“काहून?”

“तसं नाही, पण... ते आयुषचं पाकीट होतं. कंपनी तीच, पण शेंगदाणेवालं. आयुष खाऊन नाही राहिला, म्हटलं रोशनीले होईल. मी ताटात ओतलं अन् एकेक दाणा निवडून काढला. चष्मा लावून निवडलं जी. फुटका दाणा बी ठेवला नाही.”

प्रेमिलाबाई बाकावर टेकल्या. त्यांना ते ताट दिसलं. गोपिका पंख्याखाली बसली असेल, ताट हलवत, बोटानं एकेक दाणा कडेला सारत. आयुष्यभर त्या दोघींनी हेच केलं होतं, तांदळातले खडे, डाळीतला कचरा. जे दिसतं ते काढलं की उरलेलं साफ. खड्याची पूड डाळीला लागून राहते आणि ती पूड जीव घेते, असं त्यांना कधी शिकावं लागलं नव्हतं.

“तिनं पाकिटातले खाल्ले वं,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. वाक्य शब्दन् शब्द खरं होतं. गोपिकानं हुश्श केलं आणि डोळे पुसले.

दुपारी नागसेन आला तो घरून ते पाकीट घेऊनच. दीक्षानं ते खिडकीशी नेऊन वाचलं. मग पुन्हा वाचलं. कुठं शेंगदाणा नव्हता, खाली बारीक अक्षरातही नव्हता.

“कंपनीले सोडत नाही मी,” नागसेन म्हणाला. “फोटो काढून टाकतो सगळीकडे.”

डॉक्टरांना कंपनीत रस नव्हता. “पाकीट बरोबर असेल तर मला दुसरा विचार करावा लागेल,” ते म्हणाले. “हिला आणखी कशाची तरी ॲलर्जी सुरू झालेली असू शकते. मका, यातलं जवाचं माल्ट, दूध. तपासण्या होईपर्यंत हे सगळं बंद ठेवा. गहूसुद्धा थांबवलेला बरा.”

“दूध बी?” दीक्षानं विचारलं. मग रोशनीच्या केसांवरून हात फिरवत, कुणाकडेही न पाहता म्हणाली, “मी लॅबले कळवून देते. येत नाही म्हणून.”

प्रेमिलाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. पाकीट बोलणार नव्हतं, गोपिकाची समजूत पटलेली होती, आणि त्या स्वतः सगळ्यांच्या लेखी नातीला वाचवणारी आजी होत्या. बोललं तर हे सगळं जाणार, रोशनीही हातातून जाणार. त्यांना भीती वाटली. अंगणवाडीत कधी वरिष्ठांची वाटली नव्हती एवढी. पण दूध नाही, पोळी नाही, मका नाही, असं ताट घेऊन बसलेली रोशनी त्यांना दिसत होती. वजनाच्या काट्यावर असली पोरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

“दूध बंद नका करू, डॉक्टरसाहेब,” त्या म्हणाल्या. “दुधानं नाही झालं. पाकिटात मी ओतले.”

मग त्यांनी सांगितलं. डबा, आयुषचं पाकीट, ताट, चष्मा, सगळं. “गोपिकाचा दोष नाही वं दीक्षा. तिनं तिच्या परीनं साफ करून देल्ले. मीबी विचारलं, नाही म्हणाली, मी ओतले. तुले सांगतलं नाही.”

दीक्षानं हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं. रागावली असती तर प्रेमिलाबाईंना झेपलं असतं. ती रोशनीचं पांघरूण सारखं करू लागली.

“दाणे निवडले तरी त्यांची भुकटी बाकीच्याला लागलेलीच असते,” डॉक्टर म्हणाले. “पण सांगितलंत ते बरं केलंत. दूध, पोळी चालू ठेवा. मला हवं ते कारण मिळालं.”

रोशनी घरी आली, शाळेत जायला लागली, तो दातही पडला. दीक्षा रजेवर राहिली. नाश्ता तीच द्यायची. “आई, थोडं सरका,” एवढंच म्हणायची, तेही आदरानं. फ्रिजशेजारचा खिळा मोकळा होता. इंजेक्शनचं नवं पेन दीक्षा आपल्या खोलीत ठेवत होती. प्रेमिलाबाई ओट्याशी आल्या की त्यांची नजर आधी त्या खिळ्याकडे जायची. त्यांना वाईट वाटायचं, आणि दीक्षाचं चुकतंय असंही म्हणता यायचं नाही.

एका सकाळी त्यांनी वांग्याची भाजी केली, डब्यात भरली आणि स्वतः जिना चढून वर गेल्या. गोपिकाला खाली बसवून खरं काय ते सांगितलं. दवाखान्यात आपण खोटं बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही, हेही सांगितलं. गोपिका पांढरीफटक पडली. बराच वेळ तिला रडूही येईना.

“आता ऐक,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “ही भाजी खा. अन् डबा मले रिकामा परत देजो. धुऊन, पुसून, रिकामा. आता नेहमी तसाच.”

“रिकामा कसा देऊ जी काकू? माह्या हातानं नाही होणार ते. मायनं कधी देल्ला नाही.”

“माह्या मायनंबी नाही देल्ला. पण रीत आपली अन् श्वास त्या पोट्टीचा जाते वं.”

गोपिका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. दीक्षा गॅससमोर पोळ्या लाटत होती. गोपिका दारातच उभी राहिली, डबा दोन्ही हातांनी धरून. एरवी ती आत येऊन, ओट्यावर डबा ठेवून, झाकण उघडून दाखवायची. आज नजर वर होत नव्हती.

“काही नाही आणलं काकू.”

प्रेमिलाबाईंनी डबा घेतला. हातात तो फार हलका लागला. सवयीनं त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं. कोरडा, चकचकीत. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातात कुणी रिकामा डबा दिला नव्हता, आणि कुणी दिला असता तर त्या घराशी त्यांनी बोलणं टाकलं असतं.

“बरं केलं वं,” त्या म्हणाल्या. “लय बरं केलं.”

गोपिका मग रडली. प्रेमिलाबाईंनी तिला आत ओढून पाटावर बसवलं आणि त्याही रडल्या. पोळी तव्यावर करपायला लागली तशी दीक्षानं गॅस बारीक केला. गोपिकापुढं तिनं पाण्याचा पेला ठेवला.

सकाळी प्रेमिलाबाई उठून स्वयंपाकघरात आल्या तेव्हा खिळ्याला पिशवी लटकत होती. त्यांनी पुढं होऊन ती चाचपली. आत पेन होतं. ओट्यावर कॉर्नफ्लेक्सचं कोरं पाकीट उभं होतं, शेजारी निळा चिमटा. दीक्षा दारात चपला घालत होती, खांद्याला पर्स, हातावर घडी केलेला पांढरा कोट.

“पाकीट फोडलं नाही मी,” ती म्हणाली. “तुम्ही वाचा, मग फोडा. येते, आई.”

या वेळेस ती दारातून परत आली नाही. रोशनी टेबलाशी येऊन बसली, समोरच्या दाताच्या जागी खिडकी घेऊन. प्रेमिलाबाईंनी चष्मा पुसला. पुसून लावला तरी अक्षरं ओली दिसत होती, म्हणून पुन्हा पुसला. मग पाकीट खिडकीशी नेऊन त्या मोठ्यानं वाचू लागल्या, अंगणवाडीत वाचत तशा, एकेक शब्द तोडून. मका, साखर, मीठ, जवाचं माल्ट.

“आजी, भूक लागली ना,” रोशनी म्हणाली.

“थांब वं माय,” त्या म्हणाल्या. अगदी खालची बारीक ओळ वाचून झाल्यावरच त्यांनी तिला कात्री आणायला सांगितलं.